घरच्या संगणकासाठी परवडणारी एक्स्टर्नल हार्ड डिस्क: काय बघायचं, कुठून घ्यायची आणि आणल्यावर काय करायचं

मोबाइल भरला की फोटो संगणकावर टाकायचे, संगणक भरला की एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यायची, असं बहुतेक घरांत चालतं. बारशाचे व्हिडिओ, आईबाबांच्या लग्नाच्या अल्बमचे स्कॅन, मुलांचे दाखले, सोसायटीच्या पावत्या असं सगळं एकाच ड्राइव्हवर साठलेलं असतं आणि एक दिवस विंडोजमध्ये सी ड्राइव्हची पट्टी लाल दिसायला लागते. मग कुणीतरी म्हणतं, "एक्स्टर्नल घेऊन टाक ना, स्वस्तात मिळते." मिळते खरी. पण कुठे पैसे वाचवायचे आणि कुठे नाही, हे घरातून निघण्याआधी ठरवलेलं बरं.

माझं मत आधीच सांगतो. घरातल्या वस्तूंसाठी १ टीबी (टेराबाइट, म्हणजे १,००० जीबी) पुरत असेल, तर सगळे पैसे एका ४ टीबीवर घालू नका. १ टीबीच्या दोन घ्या. फिरणारी हार्ड डिस्क कधी ना कधी बंद पडतेच, कंपनी कुठलीही असो. फोटो एक्स्टर्नलवर हलवले आणि जागा झाली म्हणून संगणकावरून उडवले, तर तुमच्याकडे पुन्हा एकच प्रत उरते, आणि तीही हातातून पडू शकणाऱ्या वस्तूवर. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे.

आधी घरचा माल मोजा

फोटोंच्या फोल्डरवर राइट क्लिक करा, 'प्रॉपर्टीज' उघडा आणि आकडा कागदावर लिहा. व्हिडिओ, डॉक्युमेंट आणि व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर यांचंही तसंच करा. मोबाइलमध्ये पडून असलेलं धरायला विसरू नका. मोबाइलचा एक फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा असतो, म्हणजे नुसते फोटो असतील तर १ टीबीमध्ये दोन लाखांच्या आसपास मावतात. जागा खातात ते व्हिडिओ. फुल एचडीचा एक मिनिट साधारण ६० ते १३० एमबी घेतो आणि फोर-के त्याच्या अडीच-तीनपट. मुलाच्या स्नेहसंमेलनाचं तासभराचं शूटिंग फोर-केमध्ये केलं असेल, तर ते एकटंच १० ते २० जीबी होतं.

समजा आज ३०० जीबी निघाले आणि दरवर्षी ८० जीबीची भर पडते. पाच वर्षांनी ७०० जीबी होतील. या घराला १ टीबी पुरते. घरी कुणी लग्नाचं शूटिंग किंवा यूट्यूबचं एडिटिंग करत असेल तर २ टीबीपासून सुरुवात करा.

डिस्क जोडल्यावर १ टीबीच्या जागी ९३१ जीबी दिसले की अनेकांना फसवणूक वाटते. ती फसवणूक नव्हे. कंपनी १,००० च्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या पटीत, आणि माल तोच असतो. २ टीबीची डिस्क १.८१ टीबी दिसेल.

भाव बघताना एकूण किमतीला टीबीने भागा. डबी, सर्किट बोर्ड आणि मोटर यांचा खर्च लहान-मोठ्या डिस्कला जवळपास सारखाच येतो, म्हणून लहान डिस्क प्रति टीबी महाग पडते. समजा १ टीबी ५,००० ला आणि २ टीबी ७,००० ला मिळते आहे. पहिलीचा भाव ५,००० रुपये टीबी, दुसरीचा ३,५०० झाला. नुसता हिशेब केला तर २ टीबी स्वस्त आहे. पण रिकाम्या राहणाऱ्या जागेचा भाव कितीही कमी असला तरी तिचा उपयोग शून्य. आणि दोन-तीन वर्षांपूर्वीचे भाव डोक्यात ठेवून बाजारात जाऊ नका. २०२५ च्या अखेरीपासून मोठ्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे हार्ड डिस्क आणि एसएसडी (चिपवर साठवणारी, न फिरणारी डिस्क) दोन्ही चढल्या आहेत.

हार्ड डिस्क की एसएसडी?

दुकानात हा प्रश्न हमखास येतो. एसएसडीत फिरणारं काही नसतं, ती पडली तरी बहुधा वाचते आणि वेगात हार्ड डिस्क तिच्या जवळपासही येत नाही. यूएसबीवर साधी फिरती डिस्क सेकंदाला १०० ते १३० एमबी देते, तर बेताची एसएसडी ४०० च्या पुढे जाते. पण तेवढ्याच जागेसाठी एसएसडीला बरेच जास्त पैसे मोजावे लागतात. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा फोटो उतरवून कपाटात ठेवायची असेल, तर फिरती हार्ड डिस्कच घ्या. शिवाय एसएसडी वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहिली तर तिच्यातला डेटा जाण्याचा धोका असतो. कपाटासाठी ती योग्य नाही. रोज कॉलेजला किंवा ऑफिसला नेणार असाल, लोकलच्या गर्दीत बॅग चेपली जाणार असेल, तर मात्र एसएसडीचे जादा पैसे वसूल होतात.

फिरत्या डिस्कमध्येही दोन जाती आहेत. तळहातावर मावणारी अडीच इंची डिस्क यूएसबीच्या वायरीवरच चालते. टेबलावर ठेवायची साडेतीन इंची डिस्क मोठी असते आणि तिला वेगळा अडॅप्टर व प्लग लागतो. ६ टीबीच्या पुढे जायचं असेल तरच साडेतीन इंचीचा विचार करा.

अडीच इंची डिस्कमध्ये १ टीबीच्या पुढे हल्ली बहुतेक ठिकाणी एसएमआर पद्धत असते. तिच्यात डेटाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात, त्यामुळे कमी जागेत जास्त माल बसतो. मधला एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. म्हणून एकदम २००-३०० जीबी टाकायला घेतले की सुरुवातीला छान धावणारी डिस्क मध्येच मंदावते. ती बिघडलेली नसते. फोटो आणि कागदपत्रं ठेवायला अशी डिस्क चांगली चालते. तिच्यावरून गेम चालवणं किंवा थेट एडिटिंग करणं मात्र जिवावर येतं.

कंपनीवरून लोक तावातावाने भांडतात. जगात फिरत्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. डबीवर चौथंच नाव असलं तरी आतली डिस्क यांच्यापैकीच कुणाची तरी असते. तिघींपैकी ज्या दिवशी जी स्वस्त मिळेल आणि जिचं सर्व्हिस सेंटर तुम्हाला सोयीचं असेल, ती घ्या.

तुमच्या संगणकाचं पोर्ट

जुना डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या मागे वाकून बघा. आत निळी पट्टी असलेलं चौकोनी पोर्ट बहुधा यूएसबी ३.० असतं, काळं किंवा पांढरं असेल तर बहुधा २.०. फरक मोठा आहे. ५०० जीबी उतरवायला २.० वर चार तास लागतात, ३.० वर सव्वा-दीड तास. खोक्यावर ३.०, ३.१ जेन १ किंवा ३.२ जेन १ यांपैकी काहीही लिहिलेलं असलं तरी वेग एकच, ५ जीबीपीएस. नाव बदललं म्हणून जास्त पैसे देऊ नका. संगणकाला फक्त २.० असेल तरीही डिस्क चालते, फक्त सावकाश.

वेगाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे वीज. २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं आणि ३.० चं ९००. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टवर लांब वायर लावून डिस्क जोडली की कधीकधी ती टिकटिक करते आणि ओळखलीच जात नाही. अशा वेळी 'खराब निघाली' म्हणून परत नेण्याआधी सोबत आलेली आखूड वायर लावा आणि मागच्या पोर्टमध्ये घालून बघा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात, असा माझा अनुभव आहे.

लॅमिंग्टन रोडवर

मुंबईत प्रत्यक्ष हाताळून घ्यायची तर लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. पश्चिम रेल्वेवर ग्रँट रोडला उतरून पूर्वेला बाहेर पडायचं. फास्ट गाडी तिथे थांबत नाही, स्लो धरा. मेट्रो ३ चंही स्थानक आता तिथे आहे. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारी किंवा आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जा. निघण्याआधी मोठ्या ऑनलाइन दुकानांतला त्या दिवसाचा भाव मोबाइलवर बघून ठेवा. दुकानदारांनाही तो ठाऊक असतो, आणि तीन-चार काउंटरवर विचारलंत की शे-दोनशेच्या फरकाने सगळे एकाच आकड्यावर येतात. बाकीच्यांपेक्षा कुणी फारच खाली उतरला, तर खूश होण्याआधी कारण विचारा.

कारण बहुतेक वेळा बिल असतं. "बिल हवंय का? बिनबिलाचं कमी करून देतो." हार्ड डिस्कवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे ही सूट मोहात पाडते. इथे मात्र एक पैसाही वाचवू नका. पक्कं बिल घ्या, त्यावर दुकानाचा जीएसटी नंबर आणि तुमच्या डिस्कचा सिरियल नंबर असायला हवा. साधारणपणे तीन वर्षांची वॉरंटी मिळते आणि ती मागायची वेळ आली की हाच कागद लागतो.

पैसे देण्याआधी खोकं हातात घ्या आणि काउंटरवर उभे राहूनच बघा. बाहेरून आलेल्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, सर्व करांसह एमआरपी, महिना-वर्ष आणि ग्राहकांसाठीचा फोन नंबर छापलेला किंवा चिकटवलेला असतो. तो नसेल तर माल कुणीतरी परस्पर आणलेला आहे आणि भारतातली वॉरंटी त्याला लागू होईलच असं नाही. मग खोक्यावरचा सिरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवरच्या वॉरंटी तपासणीत टाका. मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे. 'भारतात वॉरंटी नाही' किंवा 'मुदत संपली' असं आलं तर खोकं शांतपणे परत ठेवा. ठीक आलं तर सील तिथेच उघडायला सांगा आणि डिस्कच्या पाठीवरचा नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळतो का ते बघा. चांगला दुकानदार याला ना म्हणत नाही, उलट स्वतःच जोडून दाखवतो.

ऑनलाइन घेत असाल तर वस्तूच्या नावाइतकंच विक्रेत्याचं नाव वाचा. कंपनीचं अधिकृत दुकान किंवा ओळखीचा मोठा विक्रेता असेल तरच घ्या. पार्सल उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा, परत करायची वेळ आली तर उपयोगी पडतो.

फूटपाथवर आणि ऑनलाइन दोन्हीकडे '१६ टीबी पॉकेट एसएसडी' दीड-दोन हजारांत मिळते. ती खोटी असते, यात शंका ठेवू नका. खिशात मावणारी फिरती हार्ड डिस्क आजवर ६ टीबीपर्यंतच आली आहे, तीही २०२४ मध्ये. या खोट्या डबीत छोटं मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्हचा बोर्ड बसवलेला असतो आणि त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बदललेलं असतं, म्हणून विंडोजमध्ये १६ टीबीच दिसतं. खरी जागा संपली की पुढचे फोटो कुठेच जात नाहीत, किंवा जुन्यांवर लिहिले जातात. फाइलची नावं दिसत राहतात. काही महिन्यांनी फोटो उघडायला जावं तेव्हा कळतं.

सेकंड हँड डिस्क पहिली प्रत म्हणून घेऊ नका. दुसऱ्या प्रतीसाठी मात्र एक उत्तम स्वस्त मार्ग आहे. लॅपटॉपला एसएसडी बसवून घेतली असेल तर त्यातून निघालेली जुनी अडीच इंची डिस्क घरात कुठेतरी पडलेली असेल. तिच्यासाठी यूएसबी केस काही शे रुपयांत मिळतं. स्क्रू आवळायचीही गरज बऱ्याचदा पडत नाही, सरकवून बसवायची असते. फक्त आधी पुढची तपासणी करा.

घरी आणल्यावर पहिल्या रात्री

नवीन डिस्कवर लगेच फोटो टाकू नका. परत करायची मुदत आहे तोवर तिची परीक्षा घ्या.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम विंडोजवर घाला आणि डिस्क जोडा. वर 'गुड', 'कॉशन' किंवा 'बॅड' असा शेरा दिसतो. त्याच्या उजवीकडे 'पॉवर ऑन अवर्स' बघा. नव्या डिस्कवर शून्य किंवा अगदी एखाद-दुसरा तास असायला हवा. तिथे काही हजार दिसले तर जुनी डिस्क नव्या डबीत घालून दिलेली आहे. हे आकडे पुसूनही टाकता येतात. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या डिस्क तास शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघडकीला आलं होतं. म्हणून हा आकडा आणि वॉरंटीची तारीख दोन्ही बघायचे. खालच्या यादीत ०५ आणि सी५ या ओळी शोधा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डेटा ठेवायचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता येत नसलेले संशयित सेक्टर. दोन्हींपुढे शून्यच हवं.

मग एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा प्रोग्रॅम चालवा. मॅक किंवा लिनक्स असेल तर एफ३. हा पूर्ण डिस्क भरून काढतो आणि लिहिलेलं सगळं परत वाचून ताडून बघतो. खोटी जागा आणि खराब सेक्टर दोन्ही यातून सुटत नाहीत. १ टीबीला पाच-सहा तास लागतात, मंदावणारी डिस्क असेल तर जास्तही. रात्री जेवणं झाल्यावर लावा, संगणक स्लीपमध्ये जाणार नाही असं सेटिंग करा आणि सकाळी निकाल बघा. चूक सापडली तर त्याच दिवशी डिस्क परत न्या.

चाचणी झाली की त्या फाइल काढून टाका आणि फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फाइल मांडायची पद्धत, ठरवा. घरी फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. मध्येच वायर निघाली तर ते जास्त सांभाळून घेतं. विंडोज आणि मॅक दोन्हींवर लिहायचं असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. एफएटी३२ नकोच, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

फोटो टाकताना 'कट' करू नका, 'कॉपी' करा. झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरचे आकडे जुळवा आणि इकडचे-तिकडचे दहा-बारा फोटो उघडून बघा. काढताना टास्कबारमधून 'इजेक्ट' करा, दिवा थांबू द्या, मगच वायर ओढा. डिस्क फिरत असताना उचलून इकडची तिकडे ठेवणं फार वाईट. आतली चकती बहुधा मिनिटाला ५,४०० वेळा फिरत असते आणि वाचणारं टोक तिच्यापासून केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं.

मुंबईचा पाऊस आणि दुसरी प्रत

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कलिना, कुर्ला, मिलन सबवेच्या आसपास तळमजल्यावरच्या घरांत जे जे होतं ते पाण्याखाली गेलं. संगणक आणि त्याच्या शेजारच्याच खणात ठेवलेली डिस्क अशा वेळी एकत्रच जातात. चोरी, आग, शॉर्ट सर्किट यांतही तेच. म्हणून दुसरी डिस्क दुसऱ्या घरी ठेवा. ठाण्याला बहीण असेल, गिरगावात काका असतील, त्यांच्या कपाटात एक पुडकं ठेवायला कुणी नाही म्हणत नाही. गणपतीला आणि दिवाळीला जाणं होतंच, तेव्हा तिथली घरी आणायची, नवे फोटो टाकायचे आणि परत द्यायची. नेताना ती बबल रॅपमध्ये गुंडाळून बॅगेच्या मध्यभागी कपड्यांत ठेवा.

घरची डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, जमिनीलगतच्या खणात नको. दमट हवेत वापराविना पडून राहण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांतून एकदा ती जोडलेली बरी, म्हणजे चालते की नाही तेही कळतं.

भिजलीच तर वीज लावू नका, हेअर ड्रायर नको, तांदळाचा डबाही नको. पाण्यातली घाण चकतीवर सुकली की काम आणखी अवघड होतं. जुनी डिस्क एकाएकी खडखडायला लागली तरी तसंच, पुन्हा पुन्हा जोडून बघू नका. डेटा काढून देणारे लोक आहेत, पण त्यांचं बिल डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट होतं. दुसरी प्रत हाताशी असेल तर तो खर्च टळतो आणि काम फक्त वॉरंटीपुरतं उरतं.

वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतला डेटा मिळत नाही. शिवाय बंद पडलेली डिस्क सेंटरला द्यावी लागते, आत तुमच्या आधार-पॅनचे स्कॅन आणि बँकेची स्टेटमेंट असतातच. ती बंद पडल्यावर पुसता येत नाही, म्हणून सोय पहिल्याच दिवशी करा. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला पासवर्डचं कुलूप घालणारी विंडोजची सोय, लावा. होम असेल तर व्हेराक्रिप्ट मोफत आहे, त्यात कागदपत्रांपुरता ५० जीबीचा कुलूपबंद भाग केला तरी पुरे. पासवर्ड कागदावर लिहून घरच्या दागिन्यांच्या कप्प्यात ठेवा आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा. तो हरवला तर डेटा कुणालाच उघडता येणार नाही.

सेंटरने बिल आणि सिरियल नंबर असूनही टाळाटाळ केली तर तक्रार लेखी द्या, पोच घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.